सीझ झाली ती उतारावर, थ्रॉटल बंद असताना

यामाहाची आरएक्स 100 बाइक कधी सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये घासून अडकतो, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, लांब चढ, फुल थ्रॉटल, तापलेलं इंजिन. पण आमच्यासमोर ती सीझ झाली ताम्हिणी घाट उतरताना, थ्रॉटल पूर्ण बंद असताना. टू-स्ट्रोक गाडी ट्रेलला, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेवर, नेणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा नीट समजून घ्यावं असं मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं पुण्यात गॅरेज आहे आणि काम जवळपास सगळं टू-स्ट्रोकचंच. तीन पोरं नेहमीची, तिघांकडे तीन वेगळ्या गाड्या, आणि वाद कायम एकच की ट्रेलला कुठली भारी. एक आरएक्स 100, एक पाच गिअरची आरएक्स 135, एक सुझुकीची शोगन. शेवटी म्हणाली, मामा तुम्हीच चला, जागेवर चालवून बघा आणि तिथंच सेट करून द्या. थंडीचे दिवस होते, मी टूलबॅग भरली, जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू), गॅस्केट, एक पुढचं स्प्रॉकेट आणि एक जुना स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ, सायलेन्सर घेतला आणि निघालो. मुळशीच्या पलीकडे गावाची एक जुनी गाडीवाट आहे, दगडगोट्यांची, मध्ये ओढा आणि मग खडा चढ, तिथं थांबलो. (अभयारण्याच्या हद्दीत गाड्या घालायच्या नाहीत हे आधीच बजावलं होतं, ताम्हिणीत हे पाळायलाच पाहिजे.)

आता यातली 100 म्हणजे स्टॉक नव्हतीच. कुठल्यातरी गॅरेजमध्ये शर्यतीसाठी बनवून घेतलेली, ब्लॉकला पोर्टिंग (सिलिंडरमधली भोकं कोरून बदललेली), एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक, वर घेतलेला, सायलेन्सरऐवजी शर्यतीचा चेंबर लावलेला, आणि इंजिनाला ऑइल वेगळं पुरवणारा ऑइल पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिक्स, लिटरला 25 मिली, म्हणजे 1:40. सपाट मैदानावर ती गाडी खरंच वेड्यासारखी पळते, खोटं कशाला बोलू. पण चढावर दगडात पोरगं अडकलं. आरपीएम खाली आले की गाडी मेली, मग क्लच धरून रेस, मागचं चाक जागेवर फिरतंय, परत मेली. आणि मागून 135 आली ती दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे धुगधुगत वर निघून गेली, पोराने क्लचला बोटसुद्धा लावलं नाही.

कारण साधं आहे. एक्झॉस्ट पोर्ट वर घेतला की तो लवकर उघडतो, आणि बाहेर निघू पाहणारा ताजा चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) परत आत ढकलायला चेंबरमधून जी लाट यावी लागते ती वरच्या आरपीएमलाच वेळेवर पोचते. खाली, जिथं ट्रेलवर आपण निम्मा दिवस असतो, तिथं लाट चुकीच्या वेळी येते आणि चार्ज सायलेन्सरमधून वाया जातो. स्टॉक 100 चे 11 बीएचपी असतात तेसुद्धा 7500 ला, आणि दगडात तुम्ही कुठं 7500 ला असता. शोगनचंही थोडं तसंच, 108 सीसीतून कंपनीनेच 14 बीएचपी काढलेत, म्हणजे मजा वरच. पाच गिअरच्या 135 चेही कागदावर 14 च, पण ते 132 सीसीतून, त्यामुळे खालचा ओढा कितीतरी जास्त. ट्रेलसाठी माझं मत विचाराल तर डोळे झाकून 135, स्टॉक पोर्टिंगवर. बीएचपीचा आकडा बघून ट्रेलची गाडी निवडू नका, खरंच.

100 ला तिथंच जे करता आलं ते केलं. चेंबर काढून स्टॉक सायलेन्सर लावला, पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी केलं (पुढचा एक दात म्हणजे मागचे तीनेक वाढवल्यासारखं). मेन जेट चेंबरच्या हिशोबाचा मोठा होता तो मुद्दाम तसाच ठेवला, रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, राहिलेली बरी. अर्ध्या थ्रॉटलला गुरगुरायला लागली म्हणून कार्ब्युरेटरच्या नीडलची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे नीडल खाली आणि पेट्रोल कमी. एअर स्क्रू कानाने सेट केला. पोर्ट तर काय जागेवर खाली आणता येत नाही, पण तेवढ्यानेही तोच चढ पोरगं न थांबता चढलं आणि वरून ओरडलं, मामा ही वेगळीच गाडी झाली!

मग जेवायला खाली कोकणात विळ्याला जायचं ठरलं, तिथं एकाचे नातेवाईक राहतात. उतरायच्या आधी सांगितलं होतं, मिक्सवाल्या गाडीने उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर सोडायची नाही, अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल मारत राहायचं. सुरुवातीला मारत होता. मग वळणावळणाचा लांब उतार लागला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, स्प्रॉकेट लहान केल्यामुळे आरपीएम आणखी चढलेले, आणि हा थ्रॉटल सोडून मस्त उतरतोय. मी मागेच होतो. एकदम टायरचा चीत्कार आणि मागचं चाक लॉक. पोरगं हुशार, बोटं क्लचवरच होती, दाबला आणि बाजूला घेतली. मला घाम फुटला, कारण डावीकडे दरी होती.

बाकीच्या दोघांचं लगेच सुरू, मामा खाली कोकणात हवा जड, जेट लीन पडला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हे पूर्ण चूक नाही, पुण्याच्या 560 मीटरवर सेट केलेली गाडी समुद्रसपाटीजवळ आली की हवा 4-5 टक्के दाट मिळते आणि मिश्रण थोडं लीन होतं. पण मेन जेट आधीच मोठा होता, आणि थ्रॉटल बंद असताना मेन जेटचा संबंधच येत नाही. प्लग काढला, छान बिस्किटी रंग. म्हणजे पेट्रोल-हवेचं काही बिघडलेलंच नव्हतं.

गार होऊ दिली, हेड आणि ब्लॉक काढला. पिस्टनवर उभे ओरखडे, जास्त एक्झॉस्टच्या बाजूला, आणि हात लावला तर कोरडा. ऑइलचा ओलावाच नाही. मिक्सवर चालणाऱ्या इंजिनला ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, थ्रॉटल बंद केला की पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे ऑइलही बंद, पण उतारावर चाक इंजिनला 6-7 हजारावर फिरवतच असतं. कंपनीने जो पंप दिलाय तो क्रँकवर चालतो, थ्रॉटलच्या केबलने ऑइल कमी-जास्त होतं पण थ्रॉटल बंद असला तरी इंजिन फिरतंय तोवर थोडं थोडं जातच राहतं. यामाहा हा पंप 1960 च्या दशकापासून वापरतेय. शर्यतीच्या ट्रॅकवर एवढा लांब उतार नसतो म्हणून तिथं पंप काढला तरी खपतं, घाटात नाही खपत.

नशिबाने बोअरवर खोल चरा नव्हता, पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम चिकटलं होतं ते बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवलं, रिंग अडकली होती ती मोकळी केली, सगळं पेट्रोलने धुऊन ऑइल चोळून परत बांधलं. टाकीत अंदाजे 4 लिटर होतं, त्यात 60 मिली जादा ऑइल टाकलं, म्हणजे लिटरला 40 मिली झालं. आता ऑइल वाढवलं की तेवढंच पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण लीनकडे जातं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून नीडलची क्लिप परत एक खाच खाली आणली. किक मारली, तिसऱ्या किकला चालू. धूर खूप, पण चालू. मग घाट परत चढताना अर्ध्या थ्रॉटलच्या वर जायचं नाही असं सांगून मी त्याच्यापुढे राहिलो.

पुढच्या आठवड्यात गाडी गॅरेजला आली. तो पोर्टिंगचा ब्लॉक बाजूला ठेवला, स्टॉक पोर्टचा एक जुना ब्लॉक मिळाला तो 0.25 मिमी ओव्हरसाइजला बोअर केला, क्रँकचे सील बदलले आणि ऑइल पंप परत बसवला. पंपाची केबल खुणेला खूण लावून सेट करायची आणि नळीतली हवा पूर्ण काढायची, बुडबुडा राहिला तर पहिल्याच राइडला परत तीच गत. म्हणून पंप बसवल्यावर पहिली टाकी मी मिक्स करूनच देतो, पंपाच्या टाकीतलं ऑइल कमी होतंय हे डोळ्यांनी दिसलं की मगच साधं पेट्रोल.