मुक्तिनाथ–लुब्रा सायकलने: निघण्याआधी हे वाचा

"मुक्तिनाथहून लुब्रा म्हणजे दोन तासांचा उतार, पेडल मारावंच लागत नाही." ठाण्यात बसून ज्याने आमची नेपाळ ट्रिप ठरवून दिली, त्याचं हे वाक्य. लुब्राच्या पुढे, खालच्या खोऱ्यातल्या जोमसोमला पोचेपर्यंत आम्हाला सात तास लागले आणि त्यातला दीडेक तास सायकल खांद्यावर होती. आम्ही तिघंही दर रविवारी येऊर चढणारे, खारघरच्या टेकडीवर दगडांतून उतरायची सवय असलेले. दम कमी पडला नाही, माहिती चुकीची मिळाली.

काठमांडू आणि पोखऱ्याचे दिवस मस्त गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

राणीपौवा, म्हणजे मुक्तिनाथला मुक्काम करतात ते गाव, साधारण ३,७०० मीटरवर आहे. तिथून आधी खिंडीपर्यंत चढ आहे, हेच कुणी सांगितलं नव्हतं. भुसभुशीत मातीत मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून ढकलायचं. पन्नास पावलं टाकली की थांबायचं. त्यात आदल्या दिवशी पोखऱ्याहून, म्हणजे ८०० मीटरवरून, जीपने एका दमात वर आणलेलं. उंचीमुळे एकाचं डोकं रात्रभर ठणकत होतं. हे अजिबात करू नका. एक रात्र खालच्या मार्फा किंवा जोमसोम गावी, एक वाटेतल्या कागबेनीला, मगच वर. दोन रात्रींचा खर्च वाचवायला जाल तर खिंडीत बसून राहाल.

उताराची पहिली पंधरा मिनिटं, समोर धौलागिरी, आयुष्यात विसरणार नाही. पुढे वाट जेमतेम हँडलएवढी, एका अंगाला दरी, आणि वळणं इतकी आवळलेली की मागचं चाक उचलून फिरवता आलं पाहिजे. येत नसेल तर प्रत्येक वळणावर उतरा. आमचा गाइड सगळी वळणं सायकलवरूनच उतरला, मग चालत वर आला आणि डोकं दुखणाऱ्या मित्राची सायकल खाली घेऊन गेला. दोनदा. "दाइ, बिस्तारै," एवढंच म्हणायचा. दादा, हळूहळू.

लुब्रा हे बोन, म्हणजे तिबेटचा जुना धर्म, पाळणाऱ्यांचं छोटंसं गाव. चहा घ्या, पाणी भरा, रेंगाळू नका. खाली नदीच्या पात्रात गोटेच गोटे, आणि काली गंडकीच्या खोऱ्यात शिरलात की वारा. सकाळी दहा-अकरानंतर तो रोज दक्षिणेकडून सुटतो. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात ती त्यामुळेच. जोमसोमकडे जाताना तो थेट तोंडावर. सपाट रस्त्यावर सायकल उभी राहते. सहाला निघा. आठला निघणार असाल तर लुब्रा सोडा, मोटाररस्त्याने कागबेनीला उतरा.

आता पैसे. भाड्याच्या सायकलचा दर "दिवसाला ३,५०० रुपये" सांगितला. कुठले रुपये? नेपाळमध्ये आपले ते आयसी, त्यांचे ते एनसी, आणि १०० आयसी म्हणजे १६० एनसी. आम्ही एनसी धरले. परत करताना दुकानदाराने आयसी मागितले. चार दिवसांचे १४,००० एनसी व्हायचे ते २२,४०० झाले, एका सायकलमागे! शेवटी गाइडने मध्ये पडून फरकाच्या अर्ध्यावर तोडलं. दर ठरवताना 'एनसी' हा शब्द कागदावर लिहून घ्याच. ब्रेकही तपासा: काही सायकलींवर उजव्या हाताला मागचा ब्रेक असतो.

अन्नपूर्णा परिसराचं परमिट पोखऱ्यातच काढा. आम्हाला सार्कच्या दराने १,००० एनसी पडले. भारतातून नेपाळला विमानाने जात असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आधार चालत नाही.

तरी जा. या वाटा सायकलसाठी कुणी बांधलेल्या नाहीत. एके काळी मीठ-धान्य वाहणाऱ्या खेचरांच्या आहेत. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. अशाच डोंगरवाटांच्या देशात राजेश मगरने भंगारातून पहिली सायकल जुळवली आणि पुढे डाउनहिलचा, म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीचा, राष्ट्रीय विजेता झाला. अजय पंडित छेत्रीने याक अटॅक ही हिमालयातली माउंटन बाइक शर्यत अनेकदा मारली. लक्ष्मी मगर महिलांमध्ये माउंटन बाइकची राष्ट्रीय विजेती झाली. आमच्या गाइडने ही नावं आपल्या घरच्या माणसांसारखी घेतली. तो स्वतः गाइडचं काम करून मिळालेल्या पैशातून गावातल्या पोरांच्या सायकली दुरुस्त करतो.

ऑक्टोबरअखेर पुन्हा निघतोय. या वेळी मध्ये कुणी नाही, त्या गाइडलाच थेट फोन केला. पहिला प्रश्न त्याने विचारला: "दाइ, कागबेनीला किती रात्री?"