प्रवासातले प्याले

प्रवासाहून आलेल्या माणसाला ‘काय काय पाहिलंस?’ असं हमखास विचारतात. ‘काय काय प्यायलीस?’ असं कुणी विचारत नाही, आणि माझी खरी तयारी नेमकी त्याच प्रश्नाची असते. जर्मनीतल्या कोलोनचं कॅथीड्रल बांधायला 1248 साली घेतलं आणि ते 1880 मध्ये पुरं झालं, मधली काही शतकं काम बंदच पडलं होतं, हे सगळं मी मान अवघडेपर्यंत वर बघत ऐकलं. तरी कोलोन म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो क्योल्श बिअरचा सडपातळ, 200 मिलीचा ग्लास.

बिअरच्या मानाने हा म्हणजे औषधाचा डोसच. पण त्याच्या आकारावर जाऊ नये. तो रिकामा होतो न होतो तोच निळ्या ॲप्रनमधला वेटर काही न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. बिल त्या रेघांचं. थांबायचं असेल तर तो पुठ्ठा ग्लासावर झाकणासारखा ठेवायचा. तोंडाने म्हटलेलं ‘पुरे’ त्याला ऐकू येत नाही. मैत्रीण आणि मी बोलण्यात इतक्या रंगलो होतो की रेघा पुठ्ठ्याच्या कडेने वळून पुढे निघाल्या. विषय काय होता, हे आता दोघींनाही आठवत नाही. (साधारण 40 किलोमीटरवर ड्युसेलडॉर्फ आहे, तिथे तांबूस रंगाची आल्ट बिअर पितात. ती कोलोनमध्ये बसून मागायची हौस असेल तर खोचक उत्तर ऐकायचीही तयारी ठेवावी.)

प्रागमध्ये बिअर ओतणं ही कारागिरी आहे. ग्लास आधी गार पाण्याने विसळायचा. मग बाजूला वळणारा नळ किती उघडायचा, यावर सगळा खेळ. नळ किंचितच उघडला तर निव्वळ फेस येतो, आणि तसा फेसाने भरलेला ग्लासही लोक मुद्दाम मागवतात. त्याचं नाव म्लीको. दाट, ओलसर, गोडसर फेस, तळाशी बोटभर बिअर. तो बसायच्या आत संपवायचा असतो, त्यामुळे गप्पा मारत चघळायची सोय नाही. माझ्या वरच्या ओठावर पांढरी मिशी आली, आणि समोरच्या आरशात ती मला शोभते आहे असं त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटलं.

त्याच देशातल्या प्लझेनमध्ये 1838 साली बिघडलेल्या बिअरची 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली होती. त्या संतापातून गावाने नवी ब्रुअरी उभी केली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल याला बोलावलं, आणि 1842 मध्ये त्याने फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), झाटेक भागातले हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि तिथलं मऊ पाणी यांतून सोनेरी पिल्सनर काढली. जगभर मिळणाऱ्या पिवळ्या लागर बिअरपैकी बहुतेक तिच्याच गोतावळ्यातल्या. पण तसली एखादी बिअर घरी हिरव्या बाटलीतून प्यावी तर नाक मुरडलं जातं. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि उग्र वास सुटतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवीला ते फारसं जमत नाही.

म्हणजे प्रवासात आवडलेलं पेय घरी तसं लागत नाही, यात दोष सगळा आपल्या मनाचा नसतो, काही वेळा खरोखरच बाटलीत गडबड असते. पण सगळ्याच वेळा नाही. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर वाऱ्याचा मारा इतका की द्राक्षवेली मांडवावर चढवतच नाहीत. जमिनीलगत टोपलीसारख्या गोल वळवतात आणि घड आतल्या आडोशाला वाढतात. तिथल्या आसिर्तिको द्राक्षाची पांढरी वाइन मला तिथे अमृत वाटली. घरी आणून उघडली तर चांगली होती, पण नुसती चांगलीच. आंबटपणा तोच, खारटसर झाकही तीच. जाणकारांच्या वर्णनात ओले दगड, लिंबाची साल असलं बरंच काही असतं. उन्हातली चढण चढून पायांत आलेले गोळे आणि समोरच्या बाईंनी न मागता पुढे सरकवलेली ऑलिव्हची वाटी मात्र त्यात कधी नसते. माझ्या मते चवीतला निम्मा वाटा यांचाच.

दारूचंच कौतुक नको. इस्तंबूलमध्ये कादिक्यॉयहून पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर बारीक कमरेच्या बिनकानाच्या ग्लासात चहा मिळतो. बिनदुधाचा, लालभडक, बशीत साखरेचे दोन खडे. ग्लास काठाला धरावा लागतो, बोटं भाजतात, आणि चहा संपेस्तोवर खंड बदललेला असतो. आशियात पहिला घोट, युरोपात शेवटचा. ही ऐट दुसऱ्या कुठल्या चहाला आहे?

काही पेयं तर आणतो म्हटलं तरी येत नाहीत. शरद ऋतूत जर्मनीच्या द्राक्षमळ्यांच्या भागात फेडरवायसर मिळते, म्हणजे अजून आंबणं चालूच असलेली कोवळी, गढूळ वाइन. आत सारखा वायू तयार होत असल्याने बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, आणि बाटली उभीच ठेवावी लागते. आडवी केली की पिशवीचं कल्याण. विमानात नेण्याचा विचारसुद्धा करू नये.

याच्या अगदी उलट मदेराची गोष्ट. त्या पोर्तुगीज बेटावरची वाइन पिंपांतून जहाजांवर चढायची, उष्ण कटिबंधातून महिनोन्महिने हिंदकळत जायची. उकाड्याने ती नासायला हवी होती, झाली उलट जास्त चविष्ट. हे कळल्यावर लोक पिंपं मुद्दाम फिरवून परत आणू लागले. पुढे तो प्रवास परवडेना, म्हणून आता वाइनला बेटावरच उष्णता देतात: टाक्यांत निदान तीन महिने तापवून, नाहीतर उबदार माळ्यावर पिंपांत वर्षानुवर्षं ठेवून. जिने आधीच एवढं सोसलं, तिला माझ्या बॅगेतल्या धक्क्यांचं काय कौतुक! बाटल्या आणणं मी जवळपास सोडलंय, मदेरा मात्र आणते. पाहुणे एक घोट घेऊन ‘वेगळीच आहे’ म्हणतात आणि पेला खाली ठेवतात. माझी काही तक्रार नाही, उघडलेली बाटलीसुद्धा कित्येक महिने टिकते.