पंचमाचा दोरा

तंबोरा आमच्या दुकानात आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा माणूस नव्हता. सांगोल्याकडच्या एका निवृत्त गुरुजींनी तो भाच्याच्या गाडीतून मिरजेला पाठवला होता. भोपळ्याला खालच्या अंगाला वीतभर तडा, एक खुंटी सैल, तारा काळ्या पडलेल्या. भाच्याला पुढे कोल्हापूरला जायचं होतं. "मामा येऊन घेऊन जातील," एवढंच सांगून तो गेला. मी गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले, "भाई, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

मला योग्य वाटलं ते मी केलं. चूक तिथेच झाली.

आमच्या गल्लीत तंतुवाद्यांचं काम फरीदसाहेबांच्या काळापासून, म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. आमचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम आटलं तेव्हा ते सतारी आणि तंबोऱ्यांकडे वळले. हातातली कानस मात्र सुटली नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर माझ्याकडे नव्या वाद्यांची मागणी वाढली आणि दुरुस्तीची कामं मी दोन कामांच्या मध्ये उरकायला लागलो. हा तंबोराही तसाच उरकला. भोपळ्याचा तडा आतून कापडाची पट्टी देऊन सांधला, वरून चपड्याचं पॉलिश दिलं. खुंटी बसवली. जुन्या तारा काढून नव्या चढवल्या. आणि घोडी घासली.

घोडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी आहे. तंबोऱ्याच्या चारही तारा भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेल्या एका रुंद घोडीवरून जातात. लांबून ती सपाट दिसते, पण तिला उतार असतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. तार छेडली की ती त्या उताराला हलकी हलकी चाटत थरथरते आणि त्यातून तो झणकार उठतो, ज्याला आपण जवारी म्हणतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. केसभर पुढे-मागे झाला तरी आवाज बदलतो. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 साली याच घोडीवर लिहिलं होतं. तारेच्या ज्या जागी छेडावं त्या जागेमुळे काही स्वरांश ऐकूच येऊ नयेत असा नियम आहे, पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, असं त्यांना दिसलं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने हे मला सांगितलं, तेव्हा मी आमच्या साध्या घोडीकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

वर्षानुवर्षं वाजलेल्या घोडीवर तारांच्या खाचा पडतात. खाच पडली की जवारी बसते, आवाज दबतो. म्हणून कानस घेऊन त्या खाचा काढायच्या, उतार पुन्हा आणायचा. याला आम्ही जवारी काढणं म्हणतो. या तंबोऱ्याची घोडी सांबरशिंगाची होती. तसं शिंग आता कायद्याने मिळत नाही. खाचा खोल होत्या. मी त्या तासाभरात काढून टाकल्या आणि जवारी चांगली खुली केली, म्हणजे झणकार मोकळा केला. तंबोरा असा बोलायला लागला की शेजारचा कारागीर काम टाकून ऐकायला आला.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने गुरुजी आले. पांढरा सदरा, पायजमा, खांद्याला शबनम, काखेत एक गोधडी. तंबोरा तिच्यात गुंडाळून न्यायचा होता. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि तंबोरा छेडला. ते डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "फार छान वाजतोय. पण भाई, हा आमचा नाही. बदली झाला असेल का?"

मी वाद्य उलटं केलं. दांडीच्या मागे उदबत्तीने जळाल्याचा एक डाग होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "हा तिचाच," म्हणाले. मग थोडं थांबून, "मग आवाज कुठे गेला?"

मी बावीस वर्षं हे काम करतो आहे. मोठमोठ्या गवयांनी माझ्या जवारीत खोट काढलेली आहे, ती मी ऐकून घेतली, सुधारली. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवाज कुठे गेला ते मला माहीत होतं. शिंगाची पांढरी पूड तीन दिवसांपूर्वी मीच झाडून बाहेर टाकली होती.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. खाचा म्हणजे काय, त्या कशा पडतात, मी त्या का काढल्या. त्यांनी वर्गात एखाद्या पोराचं ऐकावं तसं शांतपणे ऐकलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग ते बाईंबद्दल, म्हणजे त्यांच्या बायकोबद्दल बोलले. बाई मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी दोघं दर्ग्याच्या उरुसाला मिरजेत आले होते. मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. बाईंना ते ऐकायचं होतं. रात्रभर गाणं ऐकून सकाळी त्यांनी आमच्याच गल्लीतून हा तंबोरा घेतला. गुरुजींचा दीड महिन्याचा पगार गेला. त्यानंतर रोज पहाटे पाचला बाई तो लावायच्या आणि गुरुजी अंथरुणात पडून ऐकायचे. "मला गाण्यातलं कळत नाही हो. पण तो लागला की दिवस सुरू झाला असं वाटायचं."

बाई गेल्या आषाढात गेल्या. मुलाने मोबाईलमध्ये तंबोऱ्याचं ॲप घालून दिलं. "ते बरोबर वाजतं," गुरुजी म्हणाले, "पण ते कधी थांबतच नाही. ही मध्येच थांबायची. खोकला आला की, नाहीतर काही सुचलं की वहीत लिहायला."

त्या वह्या त्यांनी शबनममधून काढून दाखवल्या. दोनच आणल्या होत्या, घरी एकवीस आहेत म्हणाले. पानं पिवळी, कडा तुटायला आलेल्या. प्रत्येक पानावर सरगम, स्वरांच्या वर-खाली टिंबं आणि रेघा, मधूनच समासात "हे पाचवीला नको, उंच जातं" अशा नोंदी. बाई गेल्यानंतर गुरुजी रोज पहाटे उठून या वह्या नव्या वहीत उतरवून काढत होते. रोज दोन पानं. नवी वहीही त्यांनी दाखवली. टाकाने लिहिल्यासारखं वळणदार अक्षर, एक टिंब इकडचं तिकडे नाही. "सरगम कळत नाही, पण अक्षर कळतं. ते लिहीत बसलो की दोन तास बरे जातात. आता लिहिताना तिचा तंबोरा मागे असावा असं वाटायला लागलं, म्हणून दुरुस्तीला पाठवला."

मी उठून दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. म्हटलं, आज दुसरं काम नाही.

पहिली गोष्ट, जुन्या तारा. त्या मी भंगाराच्या डब्यात टाकल्या होत्या, सुदैवाने डबा भरला नव्हता. चारही वेटोळी सापडली. दुसरी गोष्ट, मला तो आवाज माहीतच नव्हता. मी विचारलं, "बाईंचं काही रेकॉर्डिंग आहे का?" त्यांनी हातरुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. मिरजेत कुणी मोबाईलमध्ये भरून देईल या आशेने आणली होती. बाई गेल्यापासून त्यांनी ती लावली नव्हती.

गल्लीच्या टोकाला रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडून टेपरेकॉर्डर आणला. शाळेतल्या तासाचं रेकॉर्डिंग होतं. सुरुवातीला मुलींचा गलका, मग तंबोरा सुरू. मग बाईंचा आवाज: "खिडकी लावा गं, वारा येतोय."

गुरुजींनी मान वळवून आमच्या दुकानाच्या खिडकीकडे पाहिलं. चाचा उठले आणि त्यांनी ती लावली. कुणी काही बोललं नाही.

मुली बसेपर्यंत मिनिटभर नुसता तंबोरा वाजत होता. तेवढं मिनिट मला पुरणार होतं. पण पेटी लावून पाहिली तर सूर पांढरी 6 येत होता. गुरुजी ठामपणे म्हणाले, "काळी 4. तिच्या पेटीच्या त्या पट्टीचा रंग उडालाय." म्हणजे टेप जरा वेगाने फिरत होता, सूर एक पट्टी वर गेला होता. मग चाचांनी टेप उघडला. मोटारच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू. मी पेटीवर काळी 4 दाबून धरली आणि ते स्क्रू फिरवत गेले. आवाज हळूहळू खाली उतरला, पेटीत मिसळला. बाईंचा आवाज भारी झाला, संथ झाला. "हां," गुरुजी म्हणाले, "आता ही."

त्यानंतर चार तास काय चाललं ते सांगायला सोपं आणि करायला अवघड होतं. जुन्या तारा चढवल्या. घोडीवरची काढलेली जागा परत घालता येत नाही, पण उतार आणखी बदलून खुली जवारी बंद करता येते. कानशीचे दोन हात, तारा चढवायच्या, लावायच्या, ऐकायचं, टेप मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचं. दोऱ्याची जाडी बदलून पाहिली. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची शेवटची तार, दुपारी एकच्या सुमाराला सापडला. कॅसेटमधल्या खर्जात एक गुंजन होतं, विहिरीच्या कठड्याला कान लावल्यासारखं, ते आलं तेव्हा गुरुजींनी नुसता हात वर केला. मधल्या जोडीच्या दोन्ही तारा तीन वाजेपर्यंत जुळल्या.

पंचम, म्हणजे 'प' जुळेना. पहिली तार. मी दोरा जिथे ठेवत होतो तिथे ती सुरेख बोलत होती, आणि कॅसेटमध्ये ती तशी बोलत नव्हती. मी तारेला दोष दिला, कॅसेटला दिला. जेवणाचा डबा तसाच पडला होता. शेवटी मी म्हणालो, "गुरुजी, तीन झाल्या. ही माझ्याच्याने होत नाही."

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "दोरा मी सरकवून बघू का? शेवटच्या वर्षात तिला वाकता येत नव्हतं. ती खाटेवरून सांगायची, मी सरकवायचो. अजून, अजून, बास."

मी त्यांच्यापुढे तंबोरा आडवा धरला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. दोन बोटांच्या नखांत दोरा धरला, तो त्यांचा रोजचा हात आहे हे लगेच दिसत होतं. मी तार छेडत राहिलो. माझी जागा आली तशी तार झणकारली. ते थांबले नाहीत. दोरा पुढे गेला, झणकार विरला, आवाज दबला. कुठलाही कारागीर इथून मागे फिरला असता. ते आणखी केसभर गेले आणि स्वतःशीच पुटपुटले, "बास."

चाचांनी टेप लावला. फरक करता येत नव्हता.

बाईंना पंचम इतका दबलेला का हवा होता, ते मी खूप विचार करून पाहिलं. माझा अंदाज असा की वर्गातल्या लहान मुली सगळ्यात ठळक स्वराच्या मागे धावतात. पंचम मागे ठेवला की त्यांना षड्जच, म्हणजे 'सा'च धरावा लागतो. हे आमच्या कुठल्याही मापात बसत नाही. शिकवून शिकवून सापडलेलं असणार.

आमच्या अब्बांची एक जाड वही आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक चांगल्या वाद्याची त्यात नोंद असायची: लाकूड, भोपळा, घोडी, तारा, कुणाचं वाद्य, त्याला आवाज कसा लागतो. घरी आम्ही दखनी बोलतो, पण वही मराठीत. अब्बा गेल्यानंतर त्यात काही लिहिलं गेलं नव्हतं, मला ती उघडवत नव्हती. त्या दिवशी मी ती काढली आणि लिहिलं: सांगोला, बायकी तंबोरा, काळी 4, शिंगाची घोडी, जुन्या तारा. जवारी बंद. पंचमाचा दोरा गुरुजींनी लावला, हलवू नये. गुरुजी वाकून बघत होते. "हलवू नये" मधला ऊ मी ऱ्हस्व काढला होता. त्यांनी माझ्याकडून पेन घेऊन तो दीर्घ केला.

मग गोधडी उलगडली. तंबोरा तिच्यावर ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "छेडायचा कसा, ते दाखवाल?"

मी त्यांच्या मांडीवर तंबोरा उभा दिला. पहिली तार मधल्या बोटाने, पुढच्या तीन तर्जनीने. ओढायची नाही, बोट नुसतं फिरवायचं. पहिल्यांदा ते पाढे म्हटल्यासारखं छेडत होते, प्रत्येक तार वेगळी मोजून. दहाव्या-बाराव्या वेळी तारा एकमेकांत मिसळायला लागल्या. मध्येच ते थांबले, खोकले, पुन्हा सुरू केलं. चाचा टेपरेकॉर्डर काखेत घेऊन दारातच उभे होते. बाहेर संध्याकाळ झाली होती.

भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं. त्यांच्या गाडीची वेळ झालेली मला दिसत होती. मी सांगितलं नाही.