पाळी, खाडा आणि ज्युदो

श्टुटगार्टजवळच्या ज्या कारखान्यात मी सीएनसी मशीनवर काम करतो, तिथं एक आठवडा सकाळपाळी असते आणि एक आठवडा दुपारपाळी. ज्युदोचा क्लास संध्याकाळी. म्हणजे दुपारपाळीचा आठवडा गेलाच. त्यात इथले बहुतेक क्लब शाळेचा हॉल वापरतात, त्यामुळं उन्हाळी सुट्टीत सहा आठवडे हॉलला कुलूप. थंडीत ताप-खोकला येतो, तो वेगळाच.

तरीही ज्युदो सुटलेला नाही. तो कसा टिकला हे लिहावंसं वाटलं ते गावाकडच्या पोरांमुळं. त्यांचे मेसेज डावांबद्दल फार कमी असतात. "दादा, लई दिवस तालमीत गेलो नाही बघा. आता जायला कसंतरीच होतंय," असं असतं. कुणी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या परीक्षेत अडकलेला, कुणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला, कुणाच्या घरी भातकापणी. अंग दुखेल याची भीती त्यातल्या एकालाही नाही. दारातून आत शिरताना सगळ्यांच्या नजरा वळतील, याची आहे.

आमचं गाव बेळगावकडचं, मार्कंडेय नदीकाठचं, सगळी भातशेती. पावसाळ्यात लावणी सुरू झाली की निम्मी तालीम चिखलात, आणि दिवाळीच्या सुमारास सुगी आली की उरलेलीही शेतात. वस्तादांनी कधी कुणाला "कुठं होतास?" म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही. मळणी उरकली की पोरं एकेक करून परत यायची. हौद्यातली माती तोवर घट्ट बसलेली असायची. ती उकरायची, चाळायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून पुन्हा मऊ करायची. ज्याचा खाडा मोठा, त्याच्या हातात फावडं आधी. माती खणता खणता खांदे आणि कंबर मोकळी व्हायची, घाम निघायचा आणि लाजही तिथंच जिरायची. परत आलेल्याला जाब द्यावा लागत नव्हता, त्याला काम मिळायचं. मग पुढं यात्रांचे दिवस यायचे. येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेचं मैदान, आनंदवाडीचा आखाडा, तोवर सगळे तयार. वर्षातले काही महिने तालीम ओस पडणार हे धरूनच ती चालायची, आणि म्हणूनच ती टिकली असं मला वाटतं.

कुस्ती सोडून ज्युदो का, असंही काही जण विचारतात. इथं मातीचा आखाडा नाही, आणि अंगाला अंग भिडवून झुंजण्याची तहान मात्र तशीच आहे. शिवाय ज्युदो आपल्याकडं परका नाही. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदोतूनच घडली आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं कुराशमध्ये 52 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. कुराश ही उझबेकिस्तानची उभ्यानं खेळायची, जाकीट धरून पाडायची कुस्ती. आपल्या गावाकडच्या पोरीनं ते करून दाखवलं, याचा मला फार अभिमान आहे.

क्लासमध्ये खाडा जास्त टोचतो, कारण तिथं पट्ट्याचा रंग दिसतो. जर्मनीत पांढरा-पिवळा, पिवळा, पिवळा-नारिंगी असे अर्धे-अर्धे पट्टेसुद्धा आहेत. तुम्ही दुपारपाळी करून परत येता, तोवर बरोबरीच्याची परीक्षा होऊन त्याचा रंग बदललेला असतो. मन खचतं ते इथं. पण ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, त्या परंपरेतही वर्ष एकसारखं नसतं. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत भल्या पहाटे 'कानगेइको' नावाचा खास सराव होतो, तसाच एक भर उन्हाळ्यात. तिथंही जोर लावायचे दिवस वेगळे आणि नेहमीचे वेगळे. पट्टा परीक्षेतल्या डावांचा असतो, तो उशिरा मिळाला तर उशिरा मिळू दे.

पोरांना सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते शरीराबद्दल. दोन-तीन आठवडे सराव चुकला तर ताकद फारशी घटत नाही, हातात बसलेला डावही जात नाही. आधी जातो तो दम. म्हणून परत आल्यावर पहिल्याच झुंजीत छाती भात्यासारखी चालते आणि माणूस समजतो, आपलं सगळंच गेलं. तसं नसतं, नेमानं गेलं तर दम काही आठवड्यांत परत येतो. मात्र दमलेला माणूस वाईट पडतो. हात टेकवून पडला की मनगट किंवा गळपट्टीचं हाड जातं. म्हणून पहिल्या दिवशी पडण्याचा सराव भरपूर करावा, हनुवटी छातीला लावून, हातानं मॅटवर थाप मारून. मग ओळखीच्या डावाचे नुसते प्रवेश घ्यावेत, म्हणजे डावात शिरायचं पण पाडायचं नाही, आणि खुल्या झुंजी अर्ध्या सोडून द्याव्यात. बुडालेले सगळे दिवस एका संध्याकाळी भरून काढायला जाऊ नये, त्यातून दुखापत होते आणि खरा लांबचा खाडा तिथून सुरू होतो.

क्लास चुकलेल्या दिवशी मी घरी थोडं तरी करतोच. सायकलची जुनी ट्यूब हीटरच्या पाइपाऐवजी बाल्कनीच्या मजबूत कठड्याला बांधतो (पाइप उखडला तर घरमालक सोडणार नाही) आणि दोन्ही टोकं धरून सेओइ-नागेचे (खांद्यावरून फेकायच्या डावाचे) प्रवेश घेतो. जपानी ज्युदो खेळाडूही ट्यूबवर असाच सराव करतात. नंतर जोर आणि बैठका. रात्री दहानंतर इथं इमारतीत आवाज करायचा नाही असा दंडक आहे, त्यामुळं उड्या मारता येत नाहीत. जोरांना आवाज नसतो. आपल्या वस्तादांनी दिलेला हा व्यायाम जगाच्या पाठीवर कुठल्याही खोलीत करता येतो.

आणि जोडीदार. हुरुपावर भिस्त ठेवून कुणी वर्षानुवर्षं टिकल्याचं मी पाहिलेलं नाही. आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय हे माहीत असलं की मात्र पाय निघतात. माझा जोडीदार हॉस्पिटलात नर्स आहे, त्याच्याही पाळ्या फिरत्या. मी गेलो नाही तर त्याला त्याच्या वजनाचं कुणी मिळत नाही, तो आला नाही तर मला. त्यामुळं गावाकडच्या पोरांनो, लांबच्या खाड्यानंतर वस्तादांना काय सांगायचं याचा विचार करत बसू नका. आधी आपल्या जोडीच्या पोराला फोन करा आणि दोघं मिळून जावा.

पुढच्या महिन्याचं पाळ्यांचं पत्रक काल लागलं. जोडीदाराच्या रात्रपाळ्या आणि माझ्या दुपारपाळ्या वगळून जे वार उरले, ते आम्ही लिहून घेतलेत. त्यात एक शनिवारही आहे, त्या दिवशी शेजारच्या गावातल्या क्लबात खुल्या झुंजी असतात आणि बाहेरच्यांनाही येऊ देतात.