अळी गोड का दिसत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

घोडबंदर रोडवरच्या आमच्या गॅलरीत जो येतो तो कढीपत्त्यावरच्या अळ्या बघून नाक मुरडतो आणि विचारतो, "मांजराचं पिल्लू गोड, कोंबडीचं गोड, मग किड्यांचीच पिल्लं अशी ओंगळ का?" हेच लोक ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात फुलपाखरांचे फोटो काढत उन्हात तासन्‌तास उभे राहतात. असो.

मोठं डोकं, टपोरे डोळे, गोबरे गाल दिसले की आपण विरघळतो, हे प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1943 मध्येच मांडलं. माणसाचं बाळ कुणी उचलून घेतल्याशिवाय जगत नाही, म्हणून आपली नजर तशी घडली. मांजराच्या पिल्लाला त्याचा आयता फायदा. आमच्या कढीपत्त्यावरच्या अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या; त्याची मादी पानाला अंडं चिकटवते आणि निघून जाते. अळीचे लाड करणार कोण? तिला फक्त खायचंय आणि कुणाच्या चोचीत जायचं नाहीये. तिचे डोळे इतके बारीक, की आपल्याला चेहराच सापडत नाही.

एवढं सांगून मी पूर्वी गप्प बसायचे. मग गेल्या पावसाळ्यात सासूबाईंनी कढीपत्ता पुसला.

लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते: काळपट, ओलसर चकाकी, मधे पांढरा डाग. पक्षी फसतात. आईही फसल्या. "चिमण्यांनी पानं घाण केलीत गं," म्हणत ओल्या फडक्यानं एकेक पान शांतपणे पुसत होत्या. मी पोचले तेव्हा एकच अळी उरली होती. डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर काढून तिनं उग्र वास सोडला, तेव्हा कुठे आईंचा हात थांबला.

"आई, अहो, अळ्या होत्या त्या!"

"अळ्या? शी!" फडकं कचऱ्यात गेलं, हात कोपरापर्यंत दोनदा धुतले.

मला अळ्या गेल्याचं वाईट वाटलंच. पण ते "शी" जास्त लागलं. शीट म्हणून पुसताना काहीच वाटलं नव्हतं! म्हणजे गोड न वाटणं वेगळं आणि किळस वेगळी. तिथे लोरेन्झ पुरत नाहीत. नासक्या मांसात, चिघळलेल्या जखमेत अळ्या होतात, म्हणून सावधपणा आला म्हणावं, तर आसामात एरी रेशमाचे कोश सोलून आतला किडा आवडीनं खातात.

हे मी आईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग परवा फ्लॉवरमधून अळी निघाली तेव्हा किंचाळलं कोण?"

ती वेगळी, म्हटलं. कशी वेगळी, ते मलाही सांगता आलं नाही.