सचिन आउट झाला तरी आमचा टीव्ही चालूच

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा वाटलं, छड्या, गॅदरिंग, सहल हे सगळे लिहिणारच आहेत, मग आपण परत तेच कशाला. म्हणून मी आईबरोबर टीव्हीवर बघितलेल्या क्रिकेटबद्दल लिहितोय. शाळेचा संबंध आहे, येतो पुढं.

कर्नाटकातलं आमचं निपाणी म्हटलं की बाहेरच्यांना तंबाखू आठवतो, जरा वयस्कर असतील तर १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलन. आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या आया वखारीत नाहीतर घरी विड्या वळायला. माझी आई घरी वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा, आणि समोर आमचा ब्लॅक अँड व्हाईट पोर्टेबल. हात सुपात आणि डोळे टीव्हीवर, वळताना खाली बघायची तिला गरजच नसायची, फक्त विकेट पडली की हात थांबायचे. दूरदर्शनची कॉमेंट्री हिंदी नाहीतर इंग्लिश, ती तिला फारशी कळायची नाही, म्हणून आवाज बारीक करायला लावायची आणि मग स्वतःची सुरू. कुंबळे बॉलिंगला आला की म्हणायची, "ह्याचा बॉल वळत न्हाई रे, उसळतोय." आता खरं सांगा, मोठमोठ्या तज्ज्ञांनी कुंबळेवर पानंच्या पानं लिहिली त्यात याहून वेगळं काय आहे?

शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्या पण यायच्या बघायला. बॅटिंग असली की त्यांचं "होडी, होडी!" (मार, मार) चालू आणि बॉलिंग असली की "नम्म कुंबळे", मग आई म्हणणार आमचा सचिन, आणि चहा होईपर्यंत दोघींची जुंपलेली. मी मधे अँटेना फिरवायला कौलावर.

आता ती मॅच. २१ ऑक्टोबर १९९६, टायटन कप, बेंगळूरला, दसऱ्याचे दिवस. ऑस्ट्रेलियाच्या २१५, आपला सचिन एकटा खेळला, ८८ वर गेला, १६४ ला आठ विकेट. सचिन गेला की टीव्ही बंद हा त्या वेळी सगळीकडचाच नियम, आमच्या गल्लीत पण एकेका घरातला आवाज बंद होत गेला. मी पण उठलो बटण बंद करायला तर आई म्हणाली, "राहू दे की रे, माझं हजार पुरं व्हायचंय अजून, भिंतीकडं बघत वळू काय?"

म्हणजे क्रिकेटवरच्या श्रद्धेनं वगैरे नाही हां, हजार विड्या पुऱ्या व्हायच्या होत्या म्हणून आमचा टीव्ही चालू राहिला. आणि मग श्रीनाथ आणि कुंबळे, एकेक रन, मधेच श्रीनाथचा फटका, अक्का झोपायला निघालेल्या त्या उंबऱ्यातच उभ्या, ५२ ची पार्टनरशिप आणि सात बॉल राखून मॅच जिंकली! आमचा आरडाओरडा ऐकून गल्लीतली माणसं दारात, काय झालं म्हणून, भांडण लागलं वाटलं त्यांना.

सुट्टी संपून शाळा उघडली तर वर्गात शेवटच्या ओव्हर बघितलेला मी एकटाच. गणिताच्या सरांनी पण टीव्ही बंद केला होता! ऑफ तासाला त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून सगळी पार्टनरशिप सांगायला लावली. गणितात कधी मिळाला नाही तेवढा भाव त्या दिवशी मिळाला, थोडं तिखटमीठ मी लावलं असेल, पण मला खोडणार कोण?

दुसरी आठवण ७ फेब्रुवारी १९९९, रविवार, दिल्लीची टेस्ट. पाकिस्तानला ४२० पाहिजेत, लंचपर्यंत एक विकेट नाही, शंभराच्या वर ओपनिंग, आई वैतागलेली. जेवण झाल्यावर कुंबळे सुरू झाला ते संपेचना. नऊ घेतल्या. मग श्रीनाथची ओव्हर आली आणि तो स्टंपच्या लांबनं बॉल टाकायला लागला. मी म्हटलं लाईन गेली याची. आई म्हणाली, "गप रे, मुद्दाम टाकतोय तो. कुंबळेला घेऊ दे म्हणून." नंतर सगळीकडं हेच छापून आलं. अक्रमचा बॅटला लागून उडालेला बॉल लक्ष्मणनं पकडला आणि आईनं दोन्ही हात वर केले, सूप मांडीवरनं खाली, सगळ्या घरात तंबाखू, सगळे शिंकतोय आणि नाचतोय. ७४ रनमधे दहा! अक्का दहा वेळा तरी नम्म कुंबळे म्हणाल्या असतील, आईनं त्या दिवशी एकदा पण सचिन काढला नाही.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी आईच्या मालात छाट, म्हणजे मुकादम नापास करायचा त्या विड्या, नेहमीच जास्त निघायची. त्या सोमवारी तर विचारूच नका. मुकादमानं खराब विड्या बाजूला काढायला घेतल्यावर आईनं त्याला सांगितलं म्हणे, अहो, काल कुंबळेनं दहा घेतल्या. त्यानं पण मॅच बघितली होती. पाचदहा मिनिटं दोघं कुंबळेबद्दलच बोलले, आणि मग त्यानं सगळी छाट काढली.