हप्ता तोच, वर्षं वाढलेली

रविवार, रात्री

गृहकर्जासाठी आणलेले बँकांचे कागद टेबलभर पसरलेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एकच आकडा ठळक छापलेला, व्याजदर. नवऱ्याचा कल साहजिकच सगळ्यात कमी दराकडे. मी मात्र एक्सेल उघडून बसले.

हिशेबाला सोपं म्हणून कर्ज १ लाख धरलं, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो ९००च्या आसपास. पहिल्या महिन्यात त्यातले ७५० व्याजातच जातात, मुद्दलातून सुटतात जेमतेम १५०. सुरुवातीला व्याजच जास्त जातं हे ऐकून होते. पण मुद्दल निम्मं नेमकं कधी होतं ते बघायला तक्ता खाली सरकवत गेले, तर थेट १४ वर्षं! वीसपैकी चौदा वर्षं हप्ते भरायचे आणि तेव्हाही अर्धं कर्ज शिल्लकच.

मग मुदत ३० वर्षं करून पाहिली. हप्ता ९०० वरून ८०५ वर आला. वीस वर्षांत एकूण फेड कर्जाच्या २.१६ पट होत होती, ती तीस वर्षांत २.९ पट झाली. हप्त्यात शंभराच्या आतली सवलत, तिच्यासाठी दहा वर्षं जास्त. तरीही तीस वर्षांचा पर्याय सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. हप्ता हलका हवा असलेल्या घराला तोच परवडतो. फक्त त्याची किंमत आधी माहीत असावी.

सोमवार

"मॅडम, तुमची पात्रता याहून बरीच जास्त आहे," असं आज फोनवर ऐकलं. कौतुक झाल्यासारखं वाटलं क्षणभर. पण बँक बघणार पगाराची स्लिप, चालू हप्ते आणि क्रेडिट स्कोअर. आमच्यापैकी एकाला वर्षभर नोकरी सोडून शिकायचंय, हे तिला कुठून कळणार? म्हणून दोघांच्या नाही, एकाच्याच पगारात ओढूनताणून बसेल असा हप्ता आम्ही आधी ठरवला आणि त्यावरून उलटा हिशेब करून कर्जाची रक्कम काढली. आकडा बराच खाली आला. घर एका खोलीने लहान झालं म्हणा.

सहकर्जदार म्हणून दोघांची नावं लागणारच. पण कर्ज त्यामुळे निम्मं-निम्मं होत नाही. एकाचे पैसे थांबले तर बँक दुसऱ्याकडे अख्खं मागू शकते. हे बाबांनी सांगितलं तेव्हा नवरा आणि मी एकमेकांकडे बघून हसलो, पण मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नाही.

बुधवार

आजचा दिवस फ्लोटिंग, म्हणजे बाजाराबरोबर बदलणाऱ्या दराचा. दर वाढला तरी हप्ता तसाच राहतो, मुदत वाढते, असं एका अधिकाऱ्याने जणू खूशखबर म्हणून सांगितलं. घरी येऊन तेच आकडे पुन्हा घातले. हप्ता ९०० च ठेवला आणि दर पहिल्यापासून ९ ऐवजी १० टक्के केला, तर वीस वर्षांची झाली सव्वीस. ११ टक्के केला तर महिन्याचं व्याजच ९१७! म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि नियमित भरत राहूनही कर्ज वाढत जातं. एका टक्क्याला सहा वर्षं. आणि आम्ही इकडे पाव टक्क्यावरून बँका निवडत होतो.

तेव्हापासून सगळ्यांना एकच विचारते आहे: दर वाढला तर हप्ता वाढवणार की मुदत, आणि ते मला विचारून की नुसतं कळवून? "ते सिस्टीम करते," असंही एक उत्तर मिळालं. सिस्टीमला भेटता येईल का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं.

दुसरी गोष्ट स्प्रेडची. फ्लोटिंग दरात एक भाग बाजाराबरोबर हलतो आणि त्यावर बँक आपला स्प्रेड, म्हणजे वरचे जादा टक्के, लावते. तो किती काळ तसाच राहणार हे करारात बघायचं. 'फिक्स्ड' म्हटलं तरी तो शेवटपर्यंत की पहिल्या काही वर्षांपुरता, हेही विचारावंच लागतं.

कर्जासोबतच्या विम्याचंही तसंच. "प्रीमियम कर्जातच घालू, वेगळं काही भरायला नको." म्हणजे त्या प्रीमियमवरही वीस वर्षं व्याज, फेड दुपटीहून जास्त. विमा घेणारच आहोत, पण वेगळा आणि स्वतः निवडून.

शनिवार

ठरलं. दर थोडा जास्त असलेली बँक घेतोय. तिथे मधे जास्तीचे पैसे भरायला शुल्क नाही आणि दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, ते आम्ही सांगायचं. नवऱ्याला पटवायला एकच ओळ पुरली: दर महिन्याला हप्त्याचा बारावा भाग जास्तीचा भरला, म्हणजे वर्षाला एक हप्ता जादा, तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांच्या आत संपतं.

एक धास्ती राहिलीच. बँकेच्या मूल्यांकनात घराची किंमत ठरलेल्या सौद्यापेक्षा कमी निघाली, तर कर्जही त्या हिशेबाने कमी होणार आणि मधली रक्कम आम्हाला उभी करावी लागणार. म्हणून बचत सगळी डाउन पेमेंटमध्ये ओतायची नाही. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला, त्याला हात लावायचा नाही.

उद्या क्रेडिट रिपोर्ट मागवायचा. मागेच बंद केलेलं कार्ड अजून चालू दिसत असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्यायचं, मग अर्ज.